कोरं पान

तीन दिवस झाले, वैजयंतीच्या ब्राउझरचं पान कोरं ते कोरंच. जावा भाषेतला चार ओळींचा प्रोग्राम. दर सेकंदाला ‘नमस्कार’ म्हणायचा, बस्स. ब्राउझरला कळणाऱ्या वेबअसेम्ब्लीत कंपाइल विनातक्रार व्हायचा, पानावर मात्र मुका.

मागे पलंगाच्या दांडीवर अण्णांच्या बोटाची टकटक चालूच होती. दोन महिन्यांपूर्वी मेंदूला झटका आल्यापासून वडिलांची वाचा गेली होती, तेवढं बोटच हलायचं. “नुसता कंप आहे,” डॉक्टर म्हणाले होते.

“कन्सोल उघडलास का?” फोनवर सहकारी हसला. “अगं, ब्राउझरमध्ये कोंडलेला प्रोग्राम आपणहून पानावर लिहू शकत नाही. तो तिकडेच बोलत असणार.”

तिनं एफ-बाराचं बटण दाबलं. पानाखाली एक कप्पा उघडला. त्यात ‘नमस्कार’ आणि शेजारी तो किती वेळा म्हटला त्याचा आकडा: नऊ हजार चारशे बारा. सकाळपासून बापडा बोलतच होता.

टक, टक, टक.

तिनं वळून त्या बोटाकडे पाहिलं. फोन तसाच टाकून ती पलंगाशी गेली, अण्णांच्या कानाशी वाकली.

“अण्णा, माझं बोलणं कळतंय तुम्हाला? कळत असेल तर बोट थांबवा.”

दोन महिन्यांत पहिल्यांदाच खोली शांत झाली.