सलग सात डाव

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून चष्मेवाले काका मोबाईलवरचे आपले बुद्धिबळाचे डाव पुन्हा बघत बसले. 'तिरका उंट' नावाच्या, कधीही न भेटलेल्या प्रतिस्पर्ध्याला सलग सात वेळा हरवल्याने स्वारी खुशीत होती. पण बघता बघता लक्षात आलं, की सातही डावांत या 'तिरक्या उंटा'ला एका चालीत मात करता येत होती आणि दर वेळी त्याने भलतंच प्यादं सरकवलं होतं. काकांना काही चैन पडेना. पुसलेल्या काचा त्यांनी पुन्हा पुसल्या, आणि शेवटी न राहवून लिहिलं, "मुद्दाम हरता का हो माझ्याशी?"

मग उत्तर आलं.



"हरलात की तुम्ही आठ-आठ दिवस फिरकत नाही. आणि मला खेळायला दुसरं कोणी नाही."