वलीभाईचा अंगठा

वाशीच्या वामनशेठनं मुरुमच्या दिगंबर आडत्याकडून तूर मागवली, ती बँकेच्या हमीपत्रावर. लॉरीत माल चढल्याची पावती, म्हणजे बिल्टी, आणि माल तपासल्याची तिथल्या वलीभाई मापाड्याच्या अंगठ्याची चिठ्ठी आली, की बँकेनं पैसे द्यायचे. अट शेठचीच. पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय वलीभाई अंगठा देत नसे.

पोती फोडली तर वर तूर, खाली खडी. आणि वलीभाई तर माल निघाला त्याच दिवशी वारलेला.

"चिठ्ठी बनावट आहे, साहेब. पैसे अडवा, नाहीतर माझं दुकान जातंय," शेठनं बँकेच्या वसंतरावांपुढं हात जोडले.

"अंगठा खोटा ठरला तर लगेच अडवतो. खरा निघाला तर इलाज न्हाय. बँक कागद बघते, पोती न्हाय."

दोघं मुरुमला वलीभाईच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं, जमिलाबीनं, एक जुनी चिठ्ठी काढून दिली. वसंतरावांनी भिंग धरलं. रेघ न् रेघ जुळली.

"अंगठा त्यांचाच आहे, शेठ. पैसे द्यावे लागतील."

शेठनं भिंग ओढून घेऊन स्वतः पाहिलं. "अहो, दर वारीला कीर्तनात माझ्या शेजारी टाळ धरतो हो दिगंबर! नामाच्या गजरात डोळ्यांतनं धारा लागतात त्याच्या."

"त्यांना वाईट नका बोलू," जमिलाबी म्हणाली. "मय्यतीला सगळ्यात आधी तेच आले. यांचा हात हातात घेऊन एकटेच लई वेळ रडत बसले."

 

"फक्त एक कळंना, साहेब," ती म्हणाली. "त्यांनी हात सोडला, तवा यांच्या अंगठ्याला ओली शाई कुठनं आली?"