खडूची खूण

टेलरमास्तरांनी बाईंच्या दाराच्या चौकटीवर निळ्या खडूनं बरोबरची खूण केली आणि दार न वाजवताच पाठ फिरवली. बाराला पाच मिनिटं होती. ऊन असं, की लोखंडी कडी हाताला चटका देत होती. कडीला हात लावायचाच कशाला, असं मास्तर मनाशी म्हणाले. रोजच म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात गल्लीतली दोन म्हातारी माणसं बंद खोल्यांत उन्हानं गेली. भिंतीला भिंत लागून घरं, पण शेजाऱ्यांना कळलं ते दुसऱ्या दिवशी. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग यंदा गल्लीनंच नियम केला. कोपऱ्यावरच्या फळ्यावर दवाखान्यातल्या सिस्टरताईंनी लाल अक्षरांत तापमान लिहिलं, की बाराच्या सुमाराला प्रत्येकानं आपल्या पुढचं दार वाजवायचं. आतून 'आहे!' असं उत्तर आलं, की चौकटीवर खूण करायची. आतल्यानं भांडंभर पाणी प्यायचं आणि उठून त्याच्या पुढचं दार गाठायचं. उत्तर ऐकल्याशिवाय हलायचं नाही, एवढी एकच अट.

खडू मास्तरांचे. कापडावर आखायचे ते, चपटे. घरटी एक त्यांनी फुकट वाटला होता आणि त्याचा तोरा अजून उतरला नव्हता. "गल्ली माझ्या खडूवर जगतेय," असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत.

पण त्यांच्या वाट्याला दार आलं ते नेमकं बाईंचं. बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. तीन वर्षांपूर्वी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांदेखत त्या म्हणाल्या होत्या, "मास्तर, कापड पुरलं नाही, की तुम्ही पुरू दिलं नाहीत?" मास्तरांनी त्या दिवसापासून अबोला धरला. उरलेल्या कापडातून मास्तरांच्या उशीला अभ्रा झाला होता, ही गोष्ट वेगळी. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्यातलाच प्रकार, पण मान म्हणून काही असतो की नाही! आता त्या दाराशी उभं राहून बाईंच्या आवाजाची वाट बघायची म्हणजे नाक घासण्यासारखंच. म्हणून वीस दिवस ते नुसती खूण करून सटकत होते. बाई चांगल्या ठणठणीत आहेत, त्यांना काय धाड भरलीय?

दीड वाजता कुलूपवाल्याची आई काठी टेकत दुकानात आली. बाईंच्या पुढचं दार तिचं.

"बाई आज आल्या नाहीत हो माझ्याकडे. रोज घड्याळ लावल्यासारख्या येतात. तुम्हाला 'आहे' म्हणाल्या ना?"

"म्हणाल्या की," मास्तर मशीनवरून मान वर न करता म्हणाले.

"मग बरंय," म्हणत म्हातारी वळली. तिनं इतक्या सहज विश्वास ठेवला, की मास्तरांचं शिवणात लक्ष लागेना. दोन टाके घातले, तेही वाकडे गेले. ते उठले आणि अनवाणीच धावले.

तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते दार वाजवलं. उत्तर नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. आत दारापासून दोन हातांवर एक खुर्ची होती आणि खुर्चीच्या पायाशी बाई पडल्या होत्या. अंगाचा नुसता तवा झालेला. मास्तर ओरडले तशी गल्ली गोळा झाली. कुणी काय करायचं हे सगळ्यांना पाठ होतं. ओल्या चादरी आल्या, बर्फवाल्यानं अख्खी लादी फोडली, सिस्टरताई गाडी घेऊन आल्या. त्यांनी चौकटीवरची खूण पाहिली.

"बाराला बोलल्या म्हणजे फार वेळ झालेला नाही. बोलल्या ना, मास्तर?"

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

गाडी गेल्यावर लोकांनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. "तुम्ही होतात म्हणून बाई वाचल्या!" धरणीनं पोटात घ्यावं असं मास्तरांना झालं. आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी स्वतःची लाज त्यांना वाटत होती आणि लोक त्यांना पाणी आणून देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दवाखान्यात गेले. बाई डोळे मिटून पडल्या होत्या. हाक मारायला जीभ रेटेना. त्यांनी कॉटच्या दांडीवर बोटानं दोनदा वाजवलं.

"आहे," बाई म्हणाल्या.

मास्तरांना रडूच आलं. "बाई, मी काल दार वाजवलंच नव्हतं. काल काय, एकदाही नाही. खोट्या खुणा केल्या. ताईंशीही खोटं बोललो. आणि ते कापड... तुमचंच खरं होतं."

बाईंनी डोळे उघडले. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वाजवत नाही, हे ठाऊक होतं मला. म्हणून तर रोज दाराशी खुर्ची टाकून बसायचे. चौकटीवर खडू करकरला, की आतून 'आहे' म्हणायचे. वाटायचं, वाजवत नाहीत, पण ऐकून तरी जातात." त्यांना धाप लागली. "कालही खडू ऐकला, मास्तर. मी खाली पडले होते, तोंडातून शब्द फुटेना. म्हटलं, असू दे. आज 'आहे' आलं नाही, म्हणजे मास्तर दार उघडतीलच."