परक्या हातचं काम

रूळ ओलांडताना गाडी खडखडली नाही, म्हणून ब्लागोयेने मान वर केली.

त्याच्या बायकोच्या, देसांकाच्या गाडीचा खडखडाट अख्ख्या पिरोत गावाला पाठ होता. भाजलेल्या मिरच्यांचा आयवार बरण्यांत भरून ती बाजाराला निघाली, की रुळांवर एखादी बरणी फुटायची आणि मागची सीट लाल व्हायची. "शॉकअप बदलून दे रे," असं ती नवऱ्याला ईस्टरपासून सांगत होती. नवरा गॅरेजवाला, त्यामुळे त्याचं उत्तर ठरलेलं. "आधी गिऱ्हाइकं, मग घरचं."

आज गाडी अंगणात येऊन मुकाट उभी राहिली. देसांका उतरायच्या आत ब्लागोयेने पुढच्या मडगार्डवर दोन्ही हात रेटून जोर दिला आणि सोडला. गाडी एकदाच वर आली आणि जागच्या जागी थांबली. मागेही तेच.

"कोणी बसवले?"

"तिहोमिरने. नदीपलीकडच्या गॅरेजवाल्या."

"तुझा नवरा मेला होता?"

"नवऱ्याला वेळ नव्हता. त्याला होता."

कुंपणापलीकडे शेजारचा म्हातारा स्वेतोझार आलुबुखार वेचत होता. त्याचे कान या वयातही शाबूत. "काय उस्ताद," तो म्हणाला, "न्हाव्याची बायको दुसऱ्याकडून केस कापून आली म्हणायची!"

ब्लागोयेच्या अंगाचा तिळपापड झाला. तिहोमिरने त्याची गिऱ्हाइकं पळवली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं. गिऱ्हाइकं काय, आज इकडे तर उद्या तिकडे. पण आपल्या बायकोच्या गाडीखाली परक्याने हात घालावा? हा मत्सर आहे हे त्याला कळत होतं, आणि कळूनही तो आवरत नव्हता. त्याने देसांकाला गाडी गॅरेजातल्या खड्ड्यावर घ्यायला लावली, "बसून राहा आतच" म्हणून दटावलं, आणि दिवा घेऊन खाली उतरला. त्याला एक चूक हवी होती. एक मिळाली असती तरी पुरे होतं.

चूक कुठे शोधायची हे त्याला नेमकं ठाऊक होतं. शॉकअपच्या खालच्या टोकाला रबर असतं. गाडी जॅकवर लटकत असताना तिथला बोल्ट आवळला तर रबराला पीळ बसतो आणि थोड्याच दिवसांत ते फाटतं. म्हणून आधी गाडी चाकांवर उतरवायची, वजनाला आत माणूस बसवायचा, आणि मगच खालून आवळायचं. घाईतला कारागीर हे कधीच करत नाही. खुद्द ब्लागोयेसुद्धा घाईत असला की करत नसे.

त्याने दिवा जवळ नेला. रबर सरळ होतं. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. कुठेही पीळ नव्हता.

"आत कोण बसलं होतं?" त्याने खालून ओरडून विचारलं.

"कधी?"

"बोल्ट आवळताना! वजनाला कुणाला बसवलं होतं त्याने?"

"मलाच. दुसरं होतंच कोण तिथे?"

हे उत्तर त्याला नको होतं. "म्हणजे तू वर आणि तो खाली."

"हो. आत्ता तू आहेस तसाच."

"बोल्ट आवळायला कितीसा वेळ लागतो? मग घरी यायला दुपार कशी उलटली?"

"बोलत होतो."

"तिहोमिर? बोलत होता?" ब्लागोये हसला, पण ते हसू काही जमलं नाही. "घरच्या संताच्या सणाला भरल्या पंगतीतसुद्धा त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही."

"तो नाही रे. मी बोलत होते."

ब्लागोयेने उगाचच पाना एका बोल्टला लावला. बोल्ट तसूभर हलला नाही.

"काय बोलत होतीस एवढं?"

"असंच. आईचं. माझ्या गुडघ्याचं. यंदा मिरच्या कशा आल्या त्याचं. मी जेवताना तुला सांगायला लागते आणि तू टीव्हीचा आवाज वाढवतोस ना, तेच सगळं."

ब्लागोयेने पाना खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "आणि काम झाल्यावर उठला ना तो?"

"नाही," देसांका म्हणाली. स्टिअरिंगवर हात ठेवून ती समोर बघत होती, आणि तिचा आवाज एकाएकी हळू झाला होता. "आवळून झालं, पान्याचा आवाज थांबला. मला वाटलं संपलं, म्हणून मी गप्प बसले. तर त्याने ते बोल्ट परत सैल केले, आणि खालून म्हणाला, 'हं, मग?'"