ओळखीची खवणी

“आईच्या नेहमीच्या वस्तू बदलू नका हं,” अपिया शहरातल्या दवाखान्याच्या नर्सबाईंनी बजावलं होतं. “मेंदूतून वस्तूंची ओळख पुसली जातेय, रोजच्या वापरातल्या तेवढ्या कळतात.” तरी लुपेने लोकलाजेपायी आईची गंजकी खवणी शेजारच्या फेतूला देऊन टाकली. आज पाद्रीबाबांना जेवण पाठवायची पाळी लुपेच्या घराची. चर्चच्या बायका मदतीला जमल्या. आई नव्या चकचकीत खवणीपुढे नारळाची वाटी धरून नुसतीच बसली. “हे काय असतं गं?” “अगोबाई! मावशी, नारळ खवायला आम्ही शिकवायचं?” बायका खिदळल्या. “सोंग पुरे!” लुपे सगळ्यांदेखत खेकसली. आईने वाटी खाली ठेवली. “रागावू नकोस, बाळा. मी ज्यावर बसते, ते माझं कुठंय?” लुपेला मान वर करवेना. “आणते, आई.” दिलेलं परत मागायचं म्हणजे गावात नाक कापून घेणं. नवी खवणी काखोटीला मारून ती फेतूकडे निघाली.