राबाची जागा

सुक्याने कमरेचा कोयता सोडून दूर बांधावर ठेवला. होऊ घातलेल्या शेततळ्याच्या चार कोपऱ्यांवर सकाळीच ठोकलेल्या सळ्याही उपटल्या. लोखंड जवळ असलं की यंत्राला वेड लागतं, असं प्राजक्ताने सांगितलं होतं. शेतीने जमिनीत काय काय बदलतं, ते चुंबकीय यंत्राने मोजायला ती कैनाडला आली होती. उद्या याच वरच्या तुकड्यावर तळं खणायला जेसीबी येणार होता.

सुक्याची आई, काळी, बांधावर बसली होती. इथे आपला राब होता, खणू नको, असं ती कधीची सांगत होती. भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा आणि शेण जाळून भाजायची ती जागा. सुक्याला कळायला लागल्यापासून तिथे नुसतं गवत. हल्ली म्हातारीला नातवंडांची नावं आठवत नव्हती, तर राबाचं कोण ऐकणार? आता तिची तिलाच शंका येऊ लागली होती.

नांगर फिरवावा तशी प्राजक्ता यंत्र घेऊन तुकडाभर फिरली. मग सावलीत लॅपटॉप उघडला. करड्या पडद्यावर एक काळा चौकोन उमटला.

"आजी, आहे तुमचा राब. माती भाजली की तिच्यातलं लोह बदलतं. राख वाहून जाते, ही खूण राहते."

सुक्याने पडद्याकडे पाहिलं, मग गवताकडे. गवत होतं तसंच होतं.

"आणि हे काय?" प्राजक्ताने चौकोनाबाहेरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "इथेही विस्तव होता. बरेच दिवस, एकाच जागी."

"माना नाय ठाव," काळी म्हणाली. मग तिने पडद्याजवळ वाकून त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"खोपटा होता तिथं," ती हळूच म्हणाली. "सुक्या तिथं झाला. मी बाळंतपणातून उठेपरेत सासूनं इस्तव इझू दिला नाय. मीच इसरले."

सुक्या उठून गवतात गेला. ठिपक्याच्या जागी सळईचं भोक तसंच होतं. त्याने त्यात माती लोटली आणि वर तळहात ठेवला. माती गार होती. त्याने हात काढला नाही.

फोन वाजला. जेसीबीवाला होता.

"उद्या ये," सुक्या म्हणाला. "पन खालच्या अंगाला खनायचा."

"सळ्या तर वर ठोकल्यास ना?"

"उपटल्या. वर नको," सुक्या म्हणाला. "वर इस्तव हाये."