बेल्जियमचा दगड

अच्युतरावांच्या हनुवटीवर रोज सकाळी कापसाचा एक बोळा असे, घाईच्या दिवशी दोन. "आम्हा कोलारकरांची कातडीच नाजूक," असं ते म्हणत. वस्तऱ्यावर संशय घ्यायला जागाच नव्हती, कारण धार लावायचा दगड बेल्जियमचा होता. राज्यांची पुनर्रचना होऊन अच्युतरावांची बदली नागपूरहून भोपाळला झाली, तेव्हा वडिलांनी दगडाचे दोन तुकडे करून एक स्वतःला ठेवला आणि दुसरा मुलाच्या ट्रंकेत घातला.

त्यांची बायको मनोरमा बी.एस्सी. झालेली. इथल्या मुलींच्या शाळेनं तिला विज्ञान शिकवायला बोलावलं होतं, आणि अच्युतराव दिवाळीपासून "बघू" म्हणत होते. आज तिनं पुन्हा विचारलं.

"शिकवणार म्हणतेस, तर आधी या दगडाचं गाव सिद्ध करून दाखव," ते साबणभरल्या तोंडानं म्हणाले.

तिनं दगडावर लिंबू पिळलं. दगड बारीक फसफसला.

"बेल्जियमचा असा फसफसत नाही. हा चुनखडीचा, शहाबादी. नागपूरला आपल्या न्हाणीघरातल्या फरशीचा कोपरा गेलाय ना, तो हा."

"अगं, पण बेल्जियम?"

"शहाबाद निजामाकडून म्हैसूरकडे गेलं. बेल्जियमला अजून दिलेलं नाही."

अच्युतरावांनी हनुवटी चाचपली. "म्हणजे आमची कातडी..."

"चांगली जाड आहे."

त्यांनी तोंडावरचा साबण पुसून टाकला.

"बाबांना यातलं एक अक्षर लिहू नकोस," मग ते म्हणाले. "शाळेला मात्र आजच होकार लिही."